घाट चढताना लहान गाडीचा गिअरबॉक्स कसा वापरावा

नाशिकमध्ये राहून गाडी चालवणाऱ्या माणसाला घाट टाळता येत नाही. मुंबईहून परतताना कसारा घाट चढावा लागतो, पुण्याला निघाल्यास संगमनेर ओलांडल्यावर चंदनापुरी घाट येतो, मालेगावच्या रस्त्यावर चांदवडजवळ राहूड घाट आहे, आणि वणीच्या देवीला जायचे म्हटले की नांदुरीपासून सप्तशृंगी गडापर्यंतचा सुमारे दहा किलोमीटरचा वळणावळणाचा चढ ठरलेलाच असतो. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाल्यापासून मुंबईच्या प्रवासात कसाऱ्याला बोगद्याचा पर्याय मिळाला आहे. गडाला मात्र असा पर्याय नाही, आणि तेथे हजार सीसीच्या गाडीत पाच माणसे बसली की चालकाचे आणि गिअरबॉक्सचे कसब दोन्ही पणाला लागतात.

‘ही गाडी घाट चढेल का’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. बाजारातली प्रत्येक लहान गाडी घाट चढते. खरा प्रश्न असा आहे की ती कोणत्या गिअरमध्ये, किती दमाने आणि क्लचला किती त्रास देऊन चढते. आणि त्याचे उत्तर मॅन्युअल, एएमटी, सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर या गिअरबॉक्सच्या चार प्रकारांत वेगवेगळे आहे. प्रत्येक प्रकार घाटात कसा हाताळावा, हे पुढे सविस्तर सांगतो.

चढाला किती जोर लागतो

आधी थोडा हिशेब मांडू, कारण तो एकदा समजला की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप पटतात. गाडी, पाच माणसे आणि थोडे सामान मिळून वजन १२०० किलो धरा. शंभर मीटर पुढे गेल्यावर दहा मीटर वर जाणारा, म्हणजे दहा टक्क्यांचा चढ असेल, तर केवळ वजनापोटी गाडीला सुमारे १२० किलोचा भार सतत ओढत राहावे लागते. टायरचे घर्षण आणि वारा धरून तो १४० किलोच्या आसपास जातो. या चढावर ताशी ४० किलोमीटरचा वेग राखायला चाकांपाशी साधारण २० हॉर्सपॉवर लागतात, तर ६० चा वेग राखायला ३२ च्या आसपास.

आता इंजिनाकडे पाहू. अल्टो के-१० चे ९९८ सीसीचे पेट्रोल इंजिन ६६ हॉर्सपॉवर देते, पण ते ५५०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ५५०० फेरे घेत असताना. त्याचा सर्वाधिक टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ८९ न्यूटन-मीटर आहे आणि तो ३५०० आरपीएमला मिळतो. म्हणजे ३५०० वर या इंजिनाकडे सुमारे ४४ हॉर्सपॉवर असतात, तर १५०० वर जेमतेम पंधरा-सोळा. दहा टक्क्यांच्या चढावर १५०० आरपीएमवर अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी का ओढत नाही, याचे उत्तर या आकड्यांतच आहे. अशा गाड्यांचे गिअर ज्या प्रमाणात असतात ते पाहता, भरलेल्या गाडीला या चढावर चौथा गिअर झेपतच नाही, तिसरा ३५०० च्या आसपास कसाबसा झेपतो, आणि दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ३५ ते ४५ च्या वेगात ती आरामात चढते.

चढ सौम्य वाटला तरी वजन त्याला फसत नाही. कसारा ते इगतपुरी या रेल्वेमार्गावर ३७ मीटरमागे एक मीटर, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी चढ आहे, तरी तेथे गाडीला मागून रेटणारी बँकर इंजिने जोडावी लागतात. रस्त्यावरचे घाट याहून बरेच खडे असतात.

एक गोष्ट मात्र कोणताही गिअरबॉक्स करू शकत नाही, ती म्हणजे पुढचा रस्ता पाहणे. स्वयंचलित गिअरबॉक्सला गाडीचा वेग, इंजिनाचे आरपीएम आणि आपला पाय किती दाबला आहे एवढेच कळते. वळणापलीकडे चढ आणखी खडा होतो आहे, पुढे एसटी थांबली आहे, किंवा आपण ट्रकला मागे टाकायचा विचार करतो आहोत, हे त्याला कळत नाही. ते चालकाला दिसते. म्हणून घाटात चढ येण्याआधी योग्य गिअर लागलेला असणे ही चालकाची जबाबदारी आहे, मग गाडी कोणतीही असो.

मॅन्युअल

हाताने गिअर टाकायच्या गाडीत हे काम सर्वांत सरळ आहे. चढ दिसला की वेग पडण्याची वाट न पाहता एक गिअर खाली घ्यावा आणि आरपीएम २५०० ते ४००० च्या दरम्यान ठेवावेत. आरपीएमचा काटा नसलेल्या गाडीत कान वापरावा: इंजिन घरघरत असेल, स्टीअरिंगला आणि सीटला थरथर जाणवत असेल, पाय दाबूनही वेग वाढत नसेल, तर गिअर वरचा आहे. आपल्याकडे बऱ्याच चालकांना इंजिनाचा आवाज वाढला की गाडीचे हाल होत आहेत असे वाटते, म्हणून ते घाईने वरचा गिअर टाकतात. प्रत्यक्षात खालच्या गिअरमध्ये साडेतीन हजारांवर मोकळे फिरणारे इंजिन सुखात असते; वरच्या गिअरमध्ये बाराशेवर धापा टाकणाऱ्या इंजिनात नॉकिंग होते, म्हणजे आतून ठोके बसल्यासारखा आवाज येतो, ते तापते आणि पेट्रोलही अधिक खाते.

गडाच्या घाटासारख्या वळणावर, जेथे रस्ता जवळजवळ उलटा फिरतो, तेथे दुसरा गिअर वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर टाकून घ्यावा. वळणाच्या पोटात क्लच दाबला की गाडीचा जोर त्याच क्षणी तुटतो, वेग पडतो, आणि मग पहिला गिअर शोधायची वेळ येते. वळणाची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा खडी असते, त्यामुळे आतून वळणाऱ्या गाडीला, रस्ता फारच अरुंद असल्यास, पहिला गिअरही लागू शकतो. तो थांबल्याशिवाय टाकू नये असे काही नाही, पण वेग ताशी दहाच्या खाली आलेला असावा.

थांबलेली गाडी चढावर पुन्हा काढताना हँडब्रेक ओढलेला ठेवावा, पहिला गिअर टाकावा, क्लच हळूहळू सोडत थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यावा, आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखे वाटून इंजिनाचा आवाज जड झाला की हँडब्रेक सोडावा. हाफ क्लचवर गाडी तोलून धरण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी ती घाटात तरी सोडावी. दोन मिनिटे असे तोलणे म्हणजे क्लच प्लेटचे आयुष्य हाताने खरवडणे आहे.

एएमटी

एएमटी म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. या प्रकाराविषयी मी अधिक लिहिणार आहे, कारण लहान गाड्यांत स्वयंचलित म्हणून सर्वाधिक हाच मिळतो आणि घाटात सर्वाधिक गैरसमजही याच्याचविषयी आहेत. भारतात तो २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओमधून आला. किंमत आणि मायलेज यांत तो मॅन्युअलच्या जवळ असतो, याचे कारण तो मुळात मॅन्युअलच आहे. तोच गिअरबॉक्स, तीच क्लच प्लेट. फरक एवढाच की क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम पाय आणि हाताऐवजी संगणकाच्या हुकमावर चालणारी यंत्रणा करते. म्हणून मॅन्युअलमध्ये क्लचला जे सोसत नाही, ते एएमटीतही सोसत नाही, आणि आपल्या पायाखाली क्लचच नसल्यामुळे तो जळतो आहे हे आपल्याला उशिरा कळते.

हे मी स्वतः अनुभवले आहे. नवरात्राच्या आधीच्या एका रविवारी आम्ही पाचजण एएमटी गाडीने गडावर निघालो होतो. मागच्या सीटवर आई ओटीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. अर्ध्या घाटात एसटीच्या मागे रांग लागली. गाडी मागे सरकू नये म्हणून मी ब्रेकवरचा पाय काढून अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून धरला, गाडी जागच्या जागी थांबली, आणि मला ती सोय वाटली. तीन-चार वेळा असे केल्यावर जळालेल्या ब्रेक लायनरसारखा उग्र वास आत आला, पाठोपाठ डॅशबोर्डवर इशारा लागला आणि बझर वाजू लागला. रस्त्याच्या रुंद जागी गाडी लावली, तेव्हा मागून आलेल्या जीपचा नांदुरीचा चालक उतरून म्हणाला, “भाऊ, एक्सलेटरवर धरून ठेवू नका, ब्रेकवर धरा. क्लच प्लेट जाईल.” पंचवीस मिनिटे थांबल्यावर गाडी नीट निघाली. त्याने एका वाक्यात सांगितले ते गाडी घेताना मला कोणीच सांगितले नव्हते.

तेव्हा एएमटीचा पहिला नियम हाच: चढावर थांबायचे तर ब्रेकवर थांबावे, आणि थांबा मिनिटभराहून लांबणार असेल तर गिअर एन, म्हणजे न्यूट्रलमध्ये घेऊन हँडब्रेक ओढावा. ब्रेक दाबलेला असताना यंत्रणा क्लच पूर्ण सोडवून ठेवते, त्यामुळे प्लेट घासत नाही. रांग पुढे सरकू लागली की प्रत्येक वेळी दोन-दोन फूट पुढे जाऊ नये. पुढच्या गाडीला दहा-पंधरा मीटर जाऊ द्यावे आणि मग एकदमच निघावे, म्हणजे क्लच एकदाच घासून पूर्ण बसतो. मागच्या गाडीचा हॉर्न वाजला तरी हे सोडू नये. सपाट रस्त्यावर ब्रेक सोडताच गाडी आपोआप सरकते, त्या सुविधेवर चढावर विसंबू नये, कारण तेथे ती सरकण्याची ताकद पुरत नाही आणि क्लच मात्र घसरत राहतो.

निघताना गाडी मागे जाण्याची भीती अनेकांना वाटते आणि ती रास्त आहे. हिल होल्ड असलेल्या गाडीत ब्रेक सोडल्यावर सुमारे दोन सेकंद ब्रेक धरून ठेवला जातो. तेवढ्यात पाय अ‍ॅक्सिलरेटरवर ठामपणे जायला हवा. ही सोय नसलेल्या गाडीत मॅन्युअलसारखाच हँडब्रेक वापरावा: तो ओढलेला असताना अ‍ॅक्सिलरेटर द्यावा, गाडी पुढे ओढू लागली असे जाणवले की सोडावा. हे घाटात शिकण्याऐवजी सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर दहा वेळा करून पाहावे.

दुसरा नियम चालत्या गाडीचा आहे. डी, म्हणजे ड्राइव्हमध्ये ठेवलेली एएमटी मायलेज वाचवण्यासाठी लवकर वरचा गिअर टाकते. चढावर ती तिसरा टाकते, जोर कमी पडला की पुन्हा दुसऱ्यावर येते, वेग थोडा वाढला की परत तिसरा. आणि प्रत्येक बदलाच्या वेळी क्षणभर चाकांकडे ताकदच जात नाही. प्रवाशांच्या माना पुढे-मागे होतात त्या यामुळे. यावर उपाय म्हणजे घाट सुरू होण्यापूर्वीच एम, म्हणजे मॅन्युअल मोड घ्यावा. लिव्हर पुढे-मागे करून दुसरा गिअर धरून ठेवावा, चढ सौम्य झाला आणि आरपीएम चार हजारांकडे गेले की तिसरा घ्यावा. यात आपण चूक केली तरी मोठे नुकसान होत नाही, कारण आरपीएम फार पडल्यास गाडी स्वतः खालचा गिअर घेते आणि इंजिन धोकादायक वेगाने फिरेल असा गिअर मागितल्यास तो नाकारते. एएमटी घेऊन वर्षानुवर्षे एम मोडला हात न लावलेले लोक मला भेटतात. घाटापुरते तरी त्यांनी तो वापरावा असे मला मनापासून वाटते.

ओव्हरटेक करताना हा मुद्दा जिवाशी येतो. डीमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की गिअरबॉक्स आधी क्लच सोडवतो, मग खालचा गिअर शोधतो, मग पुन्हा जोडतो. तोवर गाडी समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला निघालेली असते आणि जोर नसतो. म्हणून ट्रकच्या मागे असतानाच एममध्ये दुसरा गिअर घ्यावा, इंजिन जोमात आले आहे याची खात्री करावी, आणि समोरचा रस्ता पुरेसा लांब मोकळा दिसला तरच बाहेर निघावे.

सीव्हीटी

सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअरच नसतात. दोन पुल्ल्या आणि त्यांच्यावर फिरणारा धातूचा पट्टा यांच्या साहाय्याने इंजिनाच्या आणि चाकांच्या फेऱ्यांचे प्रमाण सतत बदलत राहते. होंडा अमेझ आणि निस्सान मॅग्नाइट यांच्यात तो मिळतो. घाटाच्या दृष्टीने याचा मोठा गुण असा की जोर कधीच तुटत नाही. पाय दाबला की इंजिन आपल्या जोमाच्या आरपीएमवर जाते आणि तेथेच राहते, गाडी मात्र सावकाश वेग घेत जाते. म्हाताऱ्या माणसांना किंवा गाडी लागणाऱ्या मुलांना घेऊन गडावर जायचे असेल तर मी सीव्हीटीच सुचवेन.

त्याचा आवाज मात्र सोसावा लागतो. चार-साडेचार हजारांवर एकसुरी घोंघावणारे इंजिन ऐकून काहीजण घाबरून पाय काढतात, मग वेग पडतो, मग पुन्हा पूर्ण दाबतात. याऐवजी पाय अर्ध्याहून थोडा अधिक दाबून तसाच स्थिर ठेवावा आणि एस (स्पोर्ट) किंवा एल (लो) मोड घ्यावा, म्हणजे वळणावर पाय सोडला तरी प्रमाण लगेच वरचे होत नाही. लांब चढ, पूर्ण भार आणि उन्हाळा असे एकत्र आल्यास गिअरबॉक्सचे तेल तापते, आणि फार तापल्यास गाडी स्वतःहून जोर कमी करते. असे झाल्यास बाजूला थांबून गाडी पी, म्हणजे पार्किंगमध्ये घ्यावी आणि इंजिन चालू ठेवून तेल निवू द्यावे. कंपनीने सांगितलेल्या मुदतीत हे तेल बदलणे घाटात फिरणाऱ्यांनी कधीही पुढे ढकलू नये.

टॉर्क कन्व्हर्टर

येथे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेटऐवजी तेलाने फिरणारी जोडणी असते, आणि गाडी थांबलेल्या स्थितीतून निघताना ती इंजिनाचा टॉर्क जवळपास दुपटीपर्यंत वाढवून देऊ शकते. त्यामुळे चढावरून निघणे यात सर्वांत सोपे असते; बेताच्या चढावर ब्रेक सोडला तरी गाडी सहसा मागे जात नाही. लहान गाड्यांत हा प्रकार कमी मिळतो. जुन्या बाजारातल्या ग्रँड आय-१० मध्ये चार गिअरांचा टॉर्क कन्व्हर्टर होता. त्या जुन्या गिअरबॉक्समध्ये दोन गिअरांमधले अंतर मोठे असल्यामुळे चढावर तो दुसऱ्या-तिसऱ्यात घुटमळतो. लिव्हर २ किंवा एलवर ठेवली, किंवा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सर्वांत वरचा गिअर, बंद केला, की घुटमळणे थांबते. येथेही अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नये, कारण प्लेट जळत नसली तरी तेल तापते.

दोन क्लचचा डीसीटी आय-२० किंवा अल्ट्रोझमध्ये मिळतो. मोकळ्या घाटात तो उत्तम, रांगेत मात्र एएमटीचे सर्व नियम त्यालाही लागू करावेत.

सीएनजी, एसी आणि भार

सीएनजीवर तेच इंजिन कमी ताकद देते. वर सांगितलेल्या ९९८ सीसीच्या इंजिनाचे ६६ हॉर्सपॉवर सीएनजीवर ५६ च्या आसपास येतात आणि टॉर्क ८९ वरून ८२ वर येतो. त्यात टाकीचे वजन वाढते ते वेगळेच. म्हणून घाटाच्या पायथ्याशी गाडी पेट्रोलवर घ्यावी. खड्या टप्प्यावर एसी दोन-चार मिनिटे बंद केल्यास दोन-तीन हॉर्सपॉवर मोकळे होतात, आणि पावसाळ्यात कसाऱ्याच्या धुक्यात काच साफ राहावी म्हणून तो चालू ठेवणे भागच असेल, तर त्या बदल्यात एक गिअर खाली राहावे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटर उंचीला सुमारे दहा टक्के घटते, हे गडाच्या शेवटच्या वळणांवर जाणवते.

नवी गाडी घेताना टेस्ट ड्राइव्ह बहुधा गंगापूर रोडसारख्या सपाट रस्त्यावर होते. तेथे गिअरबॉक्सविषयी काहीही कळत नाही. विक्रेत्याला आधीच सांगून घरची चार माणसे बसवावीत, एसी चालू ठेवावा, आणि आपल्या इमारतीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर मध्येच गाडी थांबवून पुन्हा काढून पाहावी. आपल्या रोजच्या वापरातला सर्वांत खडा चढ बहुधा तोच असतो. गाडी किती सरकली, वास आला का, आणि आपला स्वतःचा जीव घाबरा झाला का, या तीन गोष्टी पाहाव्यात.

उतरताना आणि वर गाडी लावताना

ज्या गिअरमध्ये घाट चढलो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे. एएमटीत एम, सीव्हीटीत एल किंवा एस, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये २ किंवा एल घ्यावा, म्हणजे इंजिनच गाडीला आवरते आणि ब्रेक तापत नाहीत. पेट्रोल वाचवण्यासाठी एनमध्ये गाडी सोडणे प्राणघातक आहे. शिवाय आजच्या इंजिनांत गिअरमध्ये उतरताना पाय काढला की पेट्रोल जाणेच बंद होते, त्यामुळे एनमध्ये काही वाचतही नाही. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, कारण चढावर थांबून पुन्हा निघणे काय असते हे आता आपल्याला ठाऊक आहे.

गडावर पोहोचल्यावर उतरणीला गाडी लावताना आधी ब्रेकवर थांबवून हँडब्रेक ओढावा. बहुतेक एएमटी गाड्यांत पी नसतो, म्हणून इंजिन बंद करताना गाडी गिअरमध्येच असावी: तोंड चढाकडे असेल तर पहिल्या गिअरमध्ये, उताराकडे असेल तर रिव्हर्समध्ये. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टरमध्ये एनमध्ये हँडब्रेक ओढून, ब्रेकवरचा पाय हलका करून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्यावा आणि नंतर पी टाकावा, म्हणजे निघताना लिव्हर अडकत नाही. चाकाखाली दगड लावला असेल तर निघताना तो उचलून रस्त्याच्या कडेला टाकावा. रात्री उतरणाऱ्या दुचाकीवाल्याला तो दिसत नाही.